पहिल्या बाळंतपणात मेंदूत गुठळी झाली. आता दुसरं मूल?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३१. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी गेली होती. ऐन वैशाखात सिझेरियन झालं. घरी आल्यावर आईनं रीतीप्रमाणे सगळं केलं. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. ‘पोट सुटतं, बाळाला सर्दी होते’ म्हणून पाणी मात्र दिवसाला दोन-तीन भांडीच. नवव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. रात्री आडवं होववत नव्हतं, भिंतीला टेकून बसलं की जरा बरं वाटायचं. कमरेतल्या सुईमुळे असेल, जागरणानं असेल, वारा लागला असेल, असं म्हणत तीन दिवस गेले. बारशाच्या सकाळी उजव्या हातातून भांडं सुटलं आणि थोड्या वेळानं फिट आली. घरात कोणी चप्पल हुंगायला दिली, कोणी देवऋषाकडे न्यायचं म्हणालं. आईनं कोणाचं न ऐकता रिक्षा बोलावली. जिल्ह्याच्या ठिकाणी साधा सीटी स्कॅन ठीक आला, मग एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी सापडली. पोटात इंजेक्शनं, मग सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. आज ती बरी आहे. दमली की उजव्या हाताची बोटं किंचित जड वाटतात, एवढंच. फिटची गोळी अजून चालू आहे, कारण बंद कर असं कोणी म्हटलं नाही.

आता तिला दुसरं मूल हवंय. नवरा म्हणतो, ‘मुलगी आहे, तू आहेस, बास.’ सासूबाई म्हणतात, ‘होऊ दे, पण बाळंतपण इकडेच. तुझ्या आईनं पाणी तोडून तुला मारलंच होतं.’ आई तेव्हापासून गप्प आहे. लेक माहेरी गेली की आधी पाण्याचा तांब्या भरून तिच्यासमोर ठेवते आणि आत निघून जाते. मैत्रीण विचारते : दुसरं मूल म्हणजे जिवाशी खेळ आहे का? आईचं चुकलं का? आणि जुनं सगळं सांगितलं तर नवे डॉक्टर माझी केस घेतील का?

उत्तर :

तू मला ताई म्हटलंयस, म्हणून एकेरीतच लिहिते.

पत्रात तू आईचा प्रश्न दुसऱ्या नंबरला घातलायस, पण तीन पानांपैकी दोन पानं तिच्यावरच आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बाळंतिणीचं पाणी तोडणं चूक आहे. यात मी गुळमुळीत बोलणार नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं. त्यात वैशाख, बंद खोली आणि खाटेखाली शेगडी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि गुठळीला वाव मिळतो. पाण्यानं पोट सुटत नाही, बाळाला सर्दी होत नाही. ही रीत थांबली पाहिजे, तुझ्या माहेरी आणि सासरीही. सासूबाईंनी त्यांच्या लेकींच्या बाळंतपणात किती पाणी दिलं होतं, हे त्यांना एकदा प्रेमानं विचार. माझा अंदाज आहे की तेवढंच.

पण ‘पाणी तोडलं म्हणून गुठळी झाली’ हे वाक्यही खरं नाही. अमेरिकेत बाळंतिणीचं पाणी कोणी तोडत नाही. तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २००० साली आलेल्या एका अभ्यासात बाळंतपणाच्या काळातल्या या आजाराचं प्रमाण दर लाख बाळंतपणांमागे साधारण १२ होतं. उलट तुझ्या गल्लीतल्या कित्येक बायकांनी तहान मारून सव्वा महिना काढला आणि त्यांना काही झालं नाही. गुठळी एका कारणानं होत नाही. गर्भारपण, सिझेरियन, रक्त कमी असणं, जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, कधी रक्तातच असलेला एखादा आनुवंशिक दोष, असं एकावर एक साचत जातं. बाळंतपणाआधी तुझं हिमोग्लोबिन ८.२ होतं, असं तूच लिहिलंयस. त्याचा दोष घरात कोणीच कोणाला दिला नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मुळात हे होतं कसं, ते सांगते, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असतं. वार सुटते तेव्हा तेवढ्या मोठ्या जखमेतून बाई रक्तानं वाहून जाऊ नये, म्हणून शरीर आधीपासून तयारी करतं. रक्त गोठवणारे घटक वाढतात. गोठणं आवरणारं प्रोटीन एस नावाचं द्रव्य कमी होतं. म्हणजे हा शरीराचा बिघाड नव्हे, आईला वाचवण्याची त्याची सोय आहे. तिची किंमत म्हणून शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका वाढलेला राहतो. थोडाफार तो १२ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. आपल्याकडचा सव्वा महिना या सहा आठवड्यांच्या किती जवळ येतो बघ. बाळंतिणीला इतके दिवस जपायचं, हे आपल्या आज्यांना नेमकं कळलं होतं. कसं जपायचं, त्यात पाण्याची गफलत झाली.

पायाच्या शिरेत गुठळी होते हे पुष्कळांना माहीत असतं. पोटरी सुजून दुखते ती तीच. तुझी मेंदूच्या शिरेत झाली. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि वापरलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या वेगळ्या. तुमच्याकडची उसाची शेतं आठव. पाटाचं पाणी येतच राहिलंय आणि निचऱ्याचा चर बुजलाय, मग शेताचं जे होतं तेच मेंदूचं होतं. दाब वाढतो, सूज येते, कधी रक्त पाझरतं. या निचऱ्याच्या वाटांना डॉक्टरी भाषेत ‘सायनस’ म्हणतात. या शब्दानं फार घोटाळा होतो. रिपोर्टवर ‘सायनस थ्रॉम्बोसिस’, म्हणजे या वाटांतली गुठळी, असं वाचून ‘सायनसचा त्रास तर आमच्या घरात सगळ्यांनाच आहे’ म्हणत वाफारा घेणारे नातेवाईक मी पाहिलेत. नाकाच्या सायनसशी याचा काही संबंध नाही.

आजार नवा नाही. १८२८ साली एडिनबराच्या जॉन अॅबरक्रॉम्बी या डॉक्टरांनी बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी फिट येऊन दगावलेल्या एका २४ वर्षांच्या बाईची नोंद करून ठेवली आहे. तिच्यासाठी त्यांच्या हातात काहीच नव्हतं. आज आहे. २००४ साली ६२४ रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले ७९ टक्के लोक पूर्ण किंवा जवळपास पूर्ण बरे झाले होते. तू त्या ७९ मधली आहेस.

तुझ्या घरात चार वर्षं पाण्यावरून वाद चाललाय. मला मात्र ते तीन दिवस जास्त डाचतात.

‘आडवं होववत नव्हतं, भिंतीला टेकून बसलं की बरं वाटायचं.’ हे वाक्य तू सहज लिहून गेलीस. मी तिथे थांबले. कमरेत दिलेल्या भुलीच्या सुईनं डोकं दुखतं हे खरं आहे. पण ते बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांत सुरू होतं. बसल्यावर, उभं राहिल्यावर वाढतं, आणि आडवं पडलं की उतरतं. तुझं नवव्या दिवशी सुरू झालं आणि आडवं पडल्यावर वाढत होतं. म्हणजे अगदी उलट. मेंदूतला दाब वाढला की असं होतं. खोकला, शिंक, जोर करणं, वाकणं, यानंही ते वाढतं. हे तेव्हा कोणी विचारलं असतं, तर फिटच्या आधीच कळण्याची शक्यता होती.

माझ्याही हातून हे घडलंय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पंधराव्या दिवसाची एक बाळंतीण डोकं धरून आली होती. मांडीवर बाळ, डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, बाळ झोपू देत नाही ना? आणि गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. जीव वाचला, पण पुढे कित्येक महिने ती स्वतःच्या मुलीला नावानं हाक मारू शकली नाही. तेव्हापासून डोकं दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला मी आधी विचारते की झोपल्यावर वाढतं की उतरतं? कालच्यापेक्षा आज जास्त आहे का? बरोबर उलटी, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, हात-पाय-चेहरा जड पडणं, बोलताना अडखळणं, यातलं काही आहे का? आणि ब्लडप्रेशर तपासल्याशिवाय सोडत नाही, कारण बाळंतपणानंतर प्रेशर वाढूनही असंच डोकं दुखतं आणि फिट येते.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते. ‘बाळंतिणीचं डोकं दुखतंच’ हे वाक्य घरात कोणी उच्चारलं तर त्याला तिथेच अडवा. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गुठळी नव्हे. पण दिवसागणिक वाढणारी, गोळीनं न हटणारी किंवा एकाएकी डोकं फुटेल अशी उठलेली डोकेदुखी घरात ठेवायची नाही. आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना स्वतःचंही सांगा. फिट आली तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या : ‘ही बाळंतीण आहे, इतकावा दिवस आहे.’ धावपळीत नेमकं हेच सांगायचं राहतं. साधा सीटी स्कॅन पुष्कळदा ठीक येतो, जसा तुझा आला. म्हणून ‘शिरांचा स्कॅन, व्हेनोग्राफी, करायला लागेल का?’ हे विचारायला संकोच करू नका. आणि मेंदूत थोडं रक्त उतरलेलं असताना डॉक्टर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात, हे पाहून घाबरू नका. या आजारात ते बरोबर आहे. निचऱ्याची वाट मोकळी झाल्याशिवाय ते रक्त उतरणंही थांबत नाही.

आता तुझ्या आईकडे परत येते. चप्पल हुंगवणारे आणि देवऋषी सुचवणारे भोवती असताना, बारशाला जमलेल्या पाहुण्यांच्या देखत, कोणाचं न ऐकता रिक्षा कोणी बोलावली? तू ते एका ओळीत उरकलंस. तुझा उजवा हात आज चालतोय, त्यात त्या रिक्षाचा मोठा वाटा आहे. हे तिला तुझ्या तोंडून कधी कळलंय का?

दुसऱ्या मुलाचं. ‘जिवाशी खेळ’ हा शब्द बाजूला ठेवू. एकदा अशी गुठळी झालेल्या बाईनं पुन्हा आई व्हायचं नाही, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. अशा बायकांच्या पुढच्या गर्भारपणांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मेंदूत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण हजारात ९ च्या आसपास, म्हणजे एका टक्क्याहून थोडं कमी निघतं. पाय किंवा इतर ठिकाणी होण्याचं हजारात २७. सर्वसामान्य बाईच्या तुलनेत हा धोका बराच जास्त आहे, हे लपवत नाही. पण तो ओळखीचा धोका आहे आणि कमी करता येतो. तुझ्या नवऱ्याला हे आकडे डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. तो ‘बास’ म्हणतोय ते भीतीपोटी. फिट आलेल्या बायकोला पाहिलेला माणूस आहे तो. त्याची भीती खोडून काढू नकोस, दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसव.

एक मात्र स्वतःला विचार, आणि उत्तर मला कळवायची गरज नाही. हे मूल कोणाला हवंय? ‘मुलीला भावंड हवं’ असं तू लिहिलंस. सासूबाईंच्या ‘होऊ दे’ मध्ये नातवाची आस असेल, तर त्यासाठी तू तुझं शरीर पणाला लावू नकोस. तुला स्वतःला हवं असेल, तर मी तुझ्या बाजूनं आहे.

हवं असेल तर तयारी दिवस राहायच्या आधी सुरू होते. या आठवड्यात करायचं काम म्हणजे फिटच्या गोळीची चिठ्ठी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जाणं. फिटच्या काही गोळ्यांनी, विशेषतः व्हॅल्प्रोएटनं, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. ती बदलायची की बंद करायची ते डॉक्टर ठरवतील. तू आपल्या मनानं बंद करू नकोस, एकदम सोडली की फिट उलटते. गोळीचा निर्णय होईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेव.

दुसरं, रक्ताच्या तपासण्या. त्या आताच करायच्या, कारण गर्भारपणात प्रोटीन एस आपोआप उतरतं आणि रिपोर्ट फसवतो. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे गुठळीला वाव देणारी रक्तातली द्रव्यं, निघाल्या, तर १२ आठवड्यांनी पुन्हा पाहाव्या लागतात, म्हणजे वेळ हाताशी हवा. होमोसिस्टीन आणि बी १२ सुद्धा पाहा. बी १२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य वाढतं आणि तेही गुठळीला वाव देतं. शुद्ध शाकाहारी घरांत बी १२ फार वेळा कमी निघतं. हिमोग्लोबिन तर या खेपेला आधीच भरून काढ. फॉलिक अॅसिड सुरू कर, किती घ्यायचं ते फिटच्या गोळीवर ठरेल.

दिवस राहिले की डॉक्टर बहुतेक हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन किंवा तसलं, सुरू करतील. मागच्या वेळी पोटात घेतलंस तेच, पण छोट्या डोसमध्ये. ते वारेतून बाळाकडे जात नाही. तू सहा महिने घेतलेली गोळी वॉरफेरिन असेल, तर ती सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला घातक असते, म्हणून इंजेक्शन. रोज टोचायचं म्हटल्यावर अंगावर काटा येतो, मला कळतं. पण पोटाची चिमूट धरून बाजूला टोचायचं आणि नंतर चोळायचं नाही, हे बायका आठवड्याभरात स्वतः शिकतात. बाळंतपणानंतर ते किमान सहा आठवडे चालू राहतं. तिथे घरचे म्हणतात, ‘आता मूल झालं, कशाला?’ खरा धोक्याचा काळ तोच. हेपॅरिन आणि वॉरफेरिन दोन्ही घेत असताना अंगावर पाजता येतं.

सुरुवातीला उलट्या फार झाल्या आणि पाणीही टिकेना, तर घरी काढू नकोस, सलाईन घे. बाळंतपण कुठे आणि कधी, हे आठव्या महिन्यातच ठरव. कमरेतली भूल द्यायला इंजेक्शनचा छोटा डोस घेऊन किमान १२ तास व्हावे लागतात, मोठा असेल तर २४. ऐनवेळी हे गणित जमत नाही. मेंदूत गुठळी झाली होती, एवढ्यावरून पुन्हा सिझेरियन करावं लागत नाही. मागच्या सिझेरियनमुळे काय ते डॉक्टर सांगतील. आणि नंतर खाटेवर पडून राहू नकोस. दुसऱ्या दिवसापासून खोलीत, मग अंगणात चालायचं. लाडू खा, आळीव खा, मालिश करून घे. शेगडी नको.

मूल नको असं ठरलं, तरी एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेव. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तुझ्यासाठी नाहीत. तांबी चालते. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण निघाला, की मेडिकलमधून पाकीट आणायचं, हे आपल्याकडे इतकं सरसकट आहे की त्याला कोणी औषधही समजत नाही. अशा गोळ्यांनंतर मेंदूत गुठळी झालेल्या बायका डॉक्टरांनी पाहिल्या आहेत. तू तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नकोस, आणि सासूबाईंना तसं आधीच सांगून ठेव. पाळी आली तर आली.

नव्या डॉक्टरांना सांगायचं का? सगळं, पहिल्याच भेटीत. एखादे डॉक्टर म्हणतील की आमच्याकडे न्यूरॉलॉजिस्ट नाही, आयसीयू नाही, तुम्ही मोठ्या ठिकाणी जा. याला केस नाकारणं म्हणू नकोस, तो प्रामाणिक सल्ला आहे. लपवलंस, तर तुला इंजेक्शन मिळणार नाही, आणि बाराव्या दिवशी डोकं दुखलं तर पुन्हा जागरणावर जाईल.

त्या पहिल्या भेटीला आईला सोबत ने. सासर की माहेर हा वाद तिथे निघाला, तर डॉक्टरांनाच विचार की स्कॅन आणि न्यूरॉलॉजिस्ट कोणत्या घरापासून लवकर गाठता येतात. आणि डॉक्टर मागच्या वेळचं विचारतील तेव्हा तू बोलू नकोस, आईला बोलू दे. फिट किती मिनिटं होती, डोळे कुठे फिरले होते, तोंड कोणत्या बाजूला वाकडं झालं होतं, हे तुला आठवणार नाही. तू शुद्धीत नव्हतीस. हे फक्त तिला माहीत आहे, आणि डॉक्टरांना ते लागणार आहे.

जाताना जुनी एमआरआयची फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि त्या सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या घे. फिल्म गुंडाळून माळ्यावर टाकली असशील, तर आधी शोध. बुजलेली शीर कधीकधी पूर्ण उघडत नाही, आणि उद्या डोकं दुखून स्कॅन करावा लागला, तर जुनी खूण कोणती आणि नवी गुठळी कोणती, हे त्या फिल्मशी ताडूनच कळतं.